वीस हातांवरचं टेबल

ओस्केमेन,
१९ सप्टेंबर

प्रिय इर्मा,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आपल्या वयात हाताने पत्ता लिहिलेलं पत्र आलं की पहिली शंका तीच येते, म्हणून आधीच सांगून टाकलं. फोन करता आला असता. पण फोनवर तू हसतेस, तू हसलीस की मीही हसते, आणि सांगायचं ते राहूनच जातं. दर वाढदिवसाला आपलं हेच चालतं.

बातमी अशी की मला छताला टांगणार आहेत. म्हणजे माझी जर्सी. सतरा नोव्हेंबरला बर्फमहालात समारंभ आहे, सतरा नंबरची म्हणून सतरा तारीख, ही संचालकांची अक्कल. महापौर येणार, शाळकरी पोरं झेंडे हलवणार आणि तो गोल मोठ्या पडद्यावर दाखवणार. कुठला ते तुला सांगायला नको. ब्याण्णव साली काय झालं ते इथे कुणाला आठवत नाही, चौऱ्याण्णवचंही नाही, पण त्र्याण्णवच्या आइस हॉकीच्या अंतिम सामन्यातला राउशानचा गोल बाजारातल्या दहीवाल्या बाईलाही पाठ आहे. तर त्या दिवशी छताला काय टांगायचं हे मी तुझ्यावर सोडणार आहे. का, ते सांगते. घाई करू नकोस आणि शेवटचं पान आधी वाचू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.

आधी इथलं थोडं. तुझ्या आजीच्या, ओमाच्या, त्या बैठ्या घरात आता एक दंतवैद्य राहतो. तिने लावलेलं सफरचंदाचं झाड त्याने तोडलं नाही, पण फळंही उतरवत नाही, सगळी कुंपणाखाली पडून कुजतात. मागच्या रविवारी मी सरळ आत शिरून पिशवीभर उचलली. त्याची बायको खिडकीतून म्हणाली, "काय हो, कोण तुम्ही?" मी म्हटलं, "झाडाच्या ओळखीची." आपल्या इमारतींमधला बर्फाचा चौकोन आता गाड्या लावायला वापरतात. हिवाळ्यात धरणाखाली इर्तिश अजूनही गोठत नाही, सकाळी नदीवर तशीच वाफ असते आणि सरावाला जाताना पापण्यांवर बर्फ धरतो. माझा गुडघा हवामानखात्यापेक्षा बरा अंदाज देतो. बाकी मी ठीक आहे.

त्या चौकोनाची मात्र मला फार आठवण येते. आपल्या दोघींचे बाबा नळी धरून पाणी मारायचे, आणि तुझी ओमा तुमच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून जर्मनमध्ये ओरडायची की डावा कोपरा कोरडा राहिलाय. माझ्या बाबांना जर्मन येत नव्हतं, पण डावा कोपरा बरोबर भिजायचा. मुलींचा संघ काढायचं ठरलं तेव्हा कारखान्याने आपल्याला मुलांच्या संघातलं टाकलेलं सामान दिलं. घामट वासाचं ते पोतं आपल्या कोचने, स्तेपानिचने, जमिनीवर ओतलं आणि म्हणाला, "घ्या पोरींनो, लग्नाचा रुखवत आलाय." सगळ्या तुटून पडल्या. तू कर्णधार, तुझा पहिला हक्क. पण तू म्हणालीस कर्णधार शेवटी घेणार. शेवटी उरलेल्या कापूस भरलेल्या दोन चड्ड्यांपैकी चांगल्या कापसाची तू माझ्याकडे फेकलीस आणि फाटकी स्वतः घेतलीस. उजव्या बाजूचा कापूस पार गेला होता. ओमाने तिथे जुन्या लोकरी नमद्याच्या बुटाचा एक तुकडा कापून शिवून दिला. तो तुकडा लक्षात ठेव.

आता त्र्याण्णवचा मार्च. फेब्रुवारीत तुमचे जर्मनीचे कागद आले होते. तुझे बाबा आनंदाने वेडे झाले होते आणि तू तीन दिवस कुणाशी बोलत नव्हतीस. मग स्तेपानिचने सांगितलं की अल्माटीच्या क्रीडासंस्थेत आपल्या संघातल्या एका मुलीसाठी एक जागा आहे, आणि समितीचा माणूस अंतिम सामना बघून नाव ठरवणार आहे. तू कपडे बदलायच्या खोलीत मला म्हणालीस, "मला जागा मिळाली तर मी जात नाही. ओमाजवळ राहीन. बाकीचे जाऊ देत, ओमाही तेच म्हणते." मी म्हटलं, "मिळेल की तुलाच." खोटं नव्हतं ते. त्या मोसमात तुझे चौदा गोल होते आणि माझेही चौदाच होते, पण तू कर्णधार होतीस. मला वाटत होतं जागा तुझीच.

शेवटचं एक मिनिट राहिलं होतं, दोन-दोन बरोबरी होती. चकती माझ्याकडे निळ्या रेषेवर आली. तू गोलसमोर, माझ्याकडे पाठ करून, गुडघ्यात वाकून, त्या करागांडाच्या धिप्पाड बाईशी धक्काबुक्की करत उभी होतीस. मी मारली. खाली, डाव्या कोपऱ्यात मारली होती मी. चकती उजवीकडे वर जाऊन घुसली. इर्मा, माझ्या स्टिकवरून चकती आयुष्यात कधी तशी वर गेलेली नाही, स्तेपानिच त्यावरून मला किती बोलायचा ते तुला माहीत आहे. पण दिवा लागला, आरडाओरडा झाला, आणि सगळ्यात आधी तूच येऊन माझ्या गळ्यात पडलीस. "राउशका, काय मारलीस गं!" ध्वनिक्षेपकावर माझं नाव पुकारलं. मी त्या क्षणी ठरवून काही केलं नाही, एवढं माझ्या बाजूने. एक विचार येऊन गेला की ती वळली कशी. मी तो घालवला.

गोल कुणाच्या नावावर ते लिहिणाऱ्यांचं टेबल वीस हातांवर होतं. टेबलाशी फक्त कर्णधाराने बोलायचं, दुसरी कुणी तोंड उघडलं तर दोन मिनिटं बाहेर. म्हणजे मला टेबलापर्यंतही जायचं नव्हतं. तुझ्या कानात एवढंच म्हणायचं होतं की, बघ गं, तुला लागली का कुठे?

ते मी दुपारी वाफेच्या न्हाणीघरात बघितलं. आपण सगळ्या वाफेत बसलो होतो, कुणी गात होतं, झेन्या तिथल्या रीतीप्रमाणे बर्चच्या फांद्यांनी ज्याला त्याला झोडपत होती. तू उठून पाणी घ्यायला गेलीस आणि तुझ्या उजव्या मांडीवर, ढुंगणाच्या जरा खाली, नमद्याचा तो तुकडा यायचा नेमक्या त्या जागी, एक डाग होता. काळानिळा, गोल, कडा इतक्या नेमक्या की कंपास घेऊन काढावा. स्टिकचा वळ लांबट असतो, कोपराचा पसरट. गोल वळ एकाच गोष्टीचा असतो. तू मान वळवून बघायचा प्रयत्न केलास आणि मला विचारलंस, "राउशका, काय आहे गं तिथे? ठणकतंय." मी बघितलं. चांगलं निरखून बघितलं. आणि म्हणाले, "त्या करागांडाच्या म्हशीने स्टिक मारलीय. उतरेल."

ते मी ठरवून म्हटलं. गोलाचं एक वेळ सोड, हे ठरवून.

सामन्याच्या तक्त्यावर कर्णधारांच्या सह्या तेव्हा अजून व्हायच्या होत्या. तू ओल्या केसांवर टोपी घालून गेलीस आणि माझ्या नावावर गोल लिहिलेल्या कागदाखाली तुझी ती गिचमिड सही करून आलीस. चार दिवसांनी समितीच्या माणसाने नाव कळवलं. पंधरा गोल विरुद्ध चौदा, त्याला फार डोकं चालवावं लागलं नाही. स्टेशनवर तुम्हाला सोडायला अर्धी इमारत आली होती. ओमाही निघाली होती, कारण तू जाणार म्हटल्यावर ती कुणासाठी थांबणार. निघण्याआधी मिनिटभर सगळे सामानावर शांत बसलो, रीतीप्रमाणे, आणि तू मांडीवर थाप मारून म्हणालीस, "अजून पिवळं आहे बघ. सीमेवर पेटी तपासताना विचारलं की हे काय घेऊन चाललीस, तर काय सांगू?" सगळे हसले. मीही हसले. गाडी गेल्यावर माझ्या मनात आलं की हिला माहीत आहे. मग आलं की नाही, माहीत असतं तर ही बोलली असती. मग आलं की कर्णधार स्वतःसाठी गोल मागायला टेबलाकडे कधी जाईल का. तेव्हापासून आजवर या तिन्हींतलं खरं कुठलं ते मला कळलेलं नाही.

पुढचं तुला वर्तमानपत्राएवढंच माहीत आहे, आणि खरं म्हणजे त्यापेक्षा जास्त काही नव्हतंही. अल्माटी, संस्था, राष्ट्रीय संघ. चार अजिंक्यपदं, आशियाची दोन पदकं, एक मोडलेला जबडा. जबडा दुसऱ्यांदा मोडला त्याचं कारण हॉकी नव्हती, नवरा होता, त्याला मी दाराबाहेर काढलं. एकोणतिसाव्या वर्षी गुडघा गेला. डॉक्टर म्हणाला, "चालाल, पण खेळ विसरा." मी इथे परत आले आणि मुलींना शिकवायला लागले. मी चांगली कोच आहे, इर्मा. हे मी खोट्या विनयाशिवाय सांगते. तू जर्मनीत, पाडरबोर्नमध्ये, आधी बेकरीत आणि मग वृद्धाश्रमात कामाला लागलीस, आणि पुन्हा कुठल्याच संघात खेळली नाहीस. एकदा फोनवर म्हणालीस की स्केट्स तळघरात आहेत, टाकवत नाहीत. मी म्हटलं, "टाकू नकोस." आणि विषय बदलून तुला हवामान विचारलं.

माझ्या संघात एक नियम आहे. मुली त्याला "टेबल" म्हणतात. चकती कुणाला शेवटची लागली ते तिने स्वतः कर्णधाराला सांगायचं आणि कर्णधाराने टेबलाकडे जायचं. तुझा नसलेला गोल तुझ्या नावावर लागला आणि तू गप्प बसलीस, तर पुढचे तीन सामने बाकावर. यावरून आईबाप माझ्याशी भांडले आहेत. एक बाप तर म्हणाला, "तुम्ही हॉकी शिकवता की मदरसा चालवता?" मुली मला शाळेतल्या बाईंसारखं आपाय म्हणतात. त्या विचारतात, हा नियम कुठून आला, आपाय? मी सांगते, माझ्या कोचचा. स्तेपानिच बिचारा वरून ऐकत असेल तर त्याला ठसकाच लागेल. त्याचा एकच नियम होता, गोल तो गोल, तोंड मिटा आणि पळा.

आता गेल्या महिन्यातलं. समारंभासाठी संचालकांनी कुणाच्या तरी माळ्यावरून त्या सामन्याची जुनी चित्रफीत शोधून काढली, साफ करून घेतली आणि कौतुकाने माझ्याकडे पाठवली. शनिवारी सरावानंतर मुली मागेच लागल्या. चहा केला होता, कुणाच्या तरी आजीने बाउरसाकांची परात पाठवली होती, सगळ्या जमिनीवर बसून तळलेले गोळे तोंडात टाकत बघत होत्या. आमचे कपडे बघून खिदळत होत्या. "आपाय, हे हेल्मेट होतं की भांडं?" तुला बघून म्हणाल्या, "ही आठ नंबर कोण? कसली खेळते!" मी म्हटलं, "आमची कर्णधार." मग तो गोल आला. मी तो तोवर कधीच बघितला नव्हता. फीत मिळाली तेव्हाही बघितली नाही. वाटलं, इतक्या जुन्या चित्रात काय दिसणार आहे.

मोल्दिर नावाची माझी गोलकीपर आहे, चौदा वर्षांची, शब्द मोजून बोलणारी. चकती कुठे वळते हे बघायला मी तिला चार वर्षं शिकवलं आहे. तासन्‌तास तेच, वळली कुठे, कशाला लागून वळली. ती तोंडातला घास न संपवताच म्हणाली, "वळली." मग म्हणाली, "आपाय, मागे घ्या जरा." मी मागे घेतलं. दुसरं काय करणार होते? तिसऱ्यांदा बघून ती म्हणाली, "आठ नंबरच्या ढुंगणाला लागली." खोलीत हास्याचा असा स्फोट झाला की परात उलटली. आणि मग, इर्मा, एकेक करून त्या गप्प झाल्या. कुणी मुद्दाम नाही. त्यांचं त्यांनाच लक्षात येत गेलं. शेवटी कर्णधार पोरगी जमिनीवरचे बाउरसाक गोळा करता करता, माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाली, "आपाय, टेबल?"

तिने टोमणा मारला नव्हता. ती मला आठवण करून देत होती, आम्ही एकमेकींना करून देतो तशी. मला इतकी लाज वाटली की कान तापले. मी म्हटलं, "हो, टेबल." आणि त्यांना सगळं सांगितलं, न्हाणीघरासकट. एक लहानगी रडायला लागली. मोल्दिर म्हणाली, "मग आता जा की."

गेले. सापार-आता, आपले ते सापार आजोबा, आठवतात ना, त्या दिवशी टेबलावर तक्ता लिहायला तेच होते. आता शहाऐंशी वर्षांचे आहेत, कानाला कमी ऐकू येतं, डोकं मात्र शाबूत. मी लॅपटॉप घेऊन गेले. त्यांनी दोन चष्मे एकावर एक लावून बघितलं आणि सुनेला हाक मारली, "हिला चहा दे, ही उशिरा आलीय." मी म्हटलं, आजोबा, तक्त्यात दुरुस्ती करायची आहे. ते म्हणाले, "तू कोण दुरुस्ती मागणारी?" मी म्हटलं, "सतरा नंबर, खोटा गोल माझ्याच नावावर आहे." ते चिडले. "चाळीस वर्षं टेबलावर बसलो, अशी गावंढळ मागणी ऐकली नाही. टेबलाशी कोण बोलतं? कोच असून विचारतेस?" मी म्हटलं, कर्णधार. ते म्हणाले, "मग कर्णधाराला आण. सहीशिवाय मी काही खोडत नाही." आणि तरी त्यांनी कपाटातून कोऱ्या तक्त्यांचा पिवळा पडलेला गठ्ठा काढला, पूर्ण सामना पुन्हा लिहिला आणि सहीची जागा सोडली.

म्हणून हे पत्र. तक्ता सोबत आहे, घडी पडू नये म्हणून मध्ये पुठ्ठा घातलाय. बघ, साठावं मिनिट, गोल आठ, पास सतरा. तू सही केलीस तर सतरा नोव्हेंबरला छताला आठ नंबर चढेल, मुलींनी तो आत्ताच शिवून ठेवलाय, आणि दोरी ओढायला तूच पाहिजेस. सही नाही केलीस तर त्या छताला काहीच लागणार नाही. हे मी संचालकांना लिहून दिलंय, ते माझ्याशी बोलत नाहीत. गोल परत करता येतो, इर्मा. ती जागा नाही येत, ओमाचं घर नाही येत, आणि तू न खेळलेले मोसम तर मी कुठून आणू? तुला माहीत होतं का, हे मी विचारणार नाही. तुला हवं तर सांग. स्केट्स मात्र तळघरातून वर काढ, गंज धरला असला तरी घेऊन ये, धार मी स्वतः लावून देते. आणि या खेपेला तू बर्फावर उतरून टेबलाकडे जाशील तेव्हा मी तुझ्या मागे उभी असेन. तोंड मिटून.

तुझीच,
राउशान
(सतरा नंबर, पास देणारी)